प्रतिगामी कोण?

(रत्नागिरी येथील कार्यकर्ता शिबिरात कापूस-ज्वारीच्या जिल्ह्यांतून आलेल्या शेतकऱ्यांपुढे केलेले भाषण. जिल्हा बैठकांत वाचून दाखवण्यासाठी.)



तुम्ही सगळे कोरडवाहू मुलखातली माणसे. यवतमाळ, अकोला, परभणी, जालना अशा जिल्ह्यांतून इतक्या लांब आलात. आल्यापासून तुमच्यात एकच बोलणे चालले आहे : इथे पाणी किती! आपल्याकडे वर्षाला सातशे-आठशे मिलिमीटर पडला तर आपण देवाला नारळ फोडतो. इथे तीन हजारांच्या वर पडतो. मग प्रश्न असा, की एवढ्या पावसाच्या जिल्ह्यातला शेतकरी गबर का झाला नाही? मुंबईच्या गिरण्या पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या घामावर चालल्या त्यांत या रत्नागिरी जिल्ह्यातली माणसे मोठ्या संख्येने होती. घरी भाताची खाचरे असताना ही माणसे साच्यावर उभी राहिली, आणि त्यांच्या मनीऑर्डरीवर गावातली चूल पेटली.

कारण दुष्काळ फक्त आभाळातून पडत नाही. तो कागदातूनही पडतो. त्या कागदाची गोष्ट आज सांगायची आहे. पण मला दिलेला विषय एका शब्दाचा आहे, म्हणून आधी शब्द.

शब्द आहे 'प्रतिगामी'. आपल्यातल्या वयस्कर मंडळींनी तो भरपूर ऐकलेला आहे. एके काळी पुढाऱ्याचे भाषण या शब्दाशिवाय पुरे होत नसे. 'प्रतिगामी शक्तींचा बीमोड करा' असे भिंतीवर रंगवलेले असायचे. आता तो पूर्वीइतका कानावर येत नाही. त्याचा जोडीदार मात्र टिकून आहे. 'पुरोगामी महाराष्ट्र' हे शब्द आजही प्रत्येक व्यासपीठावर येतात. १९७८ साली या राज्यात सरकार आले त्या आघाडीचे नावच 'पुरोगामी लोकशाही दल' होते. जोडीतला एक बैल मेला आणि दुसरा एकटाच जू ओढतो आहे, अशी या शब्दांची गत झाली.

पण आपल्या जिल्हा बैठकांत हा जुना शब्द पुन्हा निघू लागला आहे. भूमिका पटली नाही की समोरच्याला 'प्रतिगामी' म्हणायचे आणि खाली बसायचे. काही ठरावांतही तो आला. म्हणून त्याचा अर्थ नीट समजून घेऊ.

संस्कृतात 'गामी' म्हणजे जाणारा. 'पुरोगामी' म्हणजे पुढे चालणारा, 'प्रतिगामी' म्हणजे उलट जाणारा. झाला अर्थ. पण आपण तिफण धरणारी माणसे आहोत, आपल्याला याच्या पुढचा प्रश्न पडला पाहिजे. पेरणीत पुढे कोण चालतो? बैल. तास सरळ पडतो की वाकडा, हे पुढे चालणाऱ्याच्या हातात नसते. मागून तिफण धरणाऱ्याच्या हातात असते. आणि धुऱ्यावर पोचल्यावर जोडी उलट वळवावीच लागते. वळवणार नाही म्हणणारा शेजाऱ्याच्या वावरात घुसेल. तेव्हा पुढे जाणे म्हणजे चांगले आणि मागे वळणे म्हणजे पाप, एवढ्यावर शेती होत नाही, राजकारणही होत नाही. कुठे जायचे, कोणाच्या सोयीने जायचे आणि कासरा कोणाच्या हातात, हे आधी विचारावे लागते.

या शब्दाच्या आधी आपल्याकडे दुसरे शब्द होते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी वाद होता तो 'सुधारक' आणि 'सनातनी' यांचा. विधवेचे लग्न लावावे का, मुलीच्या लग्नाचे वय वाढवावे का, शिवाशिव मोडावी का, हे त्याचे विषय. पुढे आले 'जहाल' आणि 'मवाळ'. तो वाद इंग्रजाशी कसे भांडायचे याचा. या दोन्ही जोड्यांत एक प्रश्न बसतच नव्हता : शेतात राबणाऱ्याच्या पिकाचा वाटा कोण नेतो? या प्रश्नाला 'सनातनी' हा शब्द पुरत नाही आणि 'मवाळ' हाही पुरत नाही. पुढे कामगारांच्या आणि समाजवाद्यांच्या भाषणांतून 'प्रतिगामी' हा शब्द खेड्यापर्यंत आला तो ही उणीव भरून काढायला. ज्यांचे पोट जुन्या व्यवस्थेवर चालते आणि म्हणून जे ती व्यवस्था हलू देत नाहीत, ते प्रतिगामी. शब्द कामाचा होता. तो वापरला कसा गेला, हे पाहायला रत्नागिरीइतकी चांगली जागा नाही. कारण इथे खोती होती.

खोती म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला हवे. पूर्व विदर्भातल्या लोकांना मालगुजार माहीत आहे, मराठवाड्यातल्यांना निजामाचा जहागीरदार माहीत आहे. वऱ्हाडात रयतवारी होती, तिथे सावकार माहीत आहे. कोकणात होता खोत. आदिलशाहीपासून चालत आलेली ही पद्धत. गावचा सरकारी सारा भरण्याची जबाबदारी खोताने घ्यायची आणि कुळांकडून वसुली करायची. म्हणजे मूळचा तो मधला माणूस, सारा गोळा करणारा मक्तेदार. हळूहळू तो गावाचा धनी होऊन बसला. सरकारला तो रोख ठरलेली रक्कम भरायचा. कुळाकडून घ्यायचा तो मात्र पिकातला वाटा. भाताच्या जमिनीत अर्धेल, म्हणजे निम्मे पीक. नाचणी-वरीच्या वरकस जमिनीत तिर्धेल, म्हणजे तिसरा हिस्सा.

हिशेब करून पाहा. कुळाने दहा मण भात पिकवले. पाच मण खोताच्या कोठारात गेले. उरलेल्या पाचांतून पुढच्या सालाचे बियाणे ठेवायचे, बैलाचे पाहायचे, घेतलेले उसने फेडायचे आणि वर्षभर खायचे. वर वेठ होतीच : खोताच्या शेतात, खोताच्या घरी फुकट राबायचे. नांगरणीची वेळ एकच असते, वाफसा कोणासाठी थांबत नाही. आधी खोताचे शेत नांगरून झाले, मग उरलेल्या वेळात कुळाचे. कृषीच्या पदवीच्या पुस्तकात उत्पादन कमी येण्याची कारणे शिकवतात : बियाणे, खत, रोग, कीड. 'आपली पेरणी दुसऱ्याच्या नंतर करावी लागणे' हे कारण त्यांत लिहिलेले नसते.

आणखी एक शब्द लक्षात ठेवा : अभावणी. उभ्या पिकात खोत किंवा त्याचा माणूस यायचा, शेतावर नजर फिरवायचा आणि सांगायचा की यात एवढे मण होईल. त्या अंदाजावर वाटा ठरायचा. पीक कुळाचे, घाम कुळाचा, माप खोताच्या डोळ्यात. खोत एका जातीचे नव्हते. ब्राह्मण होते, मराठे होते, मुसलमानही होते. कुळेही अनेक जातींची : कुणबी, महार, भंडारी, मुसलमान. म्हणून मी म्हणतो, खोत ही जात नाही, खोत ही एक जागा आहे. त्या जागेवर जो बसतो तो खोत. हे वाक्य पुढे पुन्हा लागणार आहे.

इंग्रजांनी १८८० साली खोतीचा कायदा केला आणि या पद्धतीला कागदाचे बळ दिले. काही वर्षांनी कुळांना थोडे संरक्षण द्यावे म्हणून त्यात बदल करण्याचे घाटले. तेव्हा विरोधात लिहिले कोणी? 'केसरी'ने. लोकमान्य टिळकांनी. त्यांचा जन्म १८५६ साली याच रत्नागिरीत झाला. घराणे दापोली तालुक्यातल्या चिखलगावचे, खोती असलेले. १८९९ च्या सुमारास त्यांनी खोतांची बाजू हिरिरीने मांडली. परक्या सरकारने आमच्या जुन्या हक्कांत ढवळाढवळ करू नये, असा त्यांचा रोख होता.

आता कोणी लगेच म्हणेल, बघा, टिळक प्रतिगामी. जरा थांबा. दोन-तीनच वर्षांपूर्वी, १८९६-९७ च्या दुष्काळात, याच टिळकांनी गावोगाव माणसे पाठवून शेतकऱ्याला सांगितले होते की पीक बुडाले असेल तर सारा भरू नका, सरकारच्याच दुष्काळी नियमांप्रमाणे सूट मिळणे हा तुमचा हक्क आहे. घाटावरच्या शेतकऱ्यासाठी सरकारशी भांडणारा माणूस तोच आणि कोकणातल्या कुळाविरुद्ध खोताच्या बाजूने उभा राहणारा माणूसही तोच. आता त्याच्या कपाळावर कोणती चिठ्ठी लावणार? एक लावली तर दुसरी खोटी ठरते. चिठ्ठी माणसाला लावायची नसते. ती कामाला लावायची असते. दुष्काळात सारा अडवायला सांगणे हे काम शेतकऱ्याच्या बाजूचे. खोतीची राखण करणे हे काम प्रतिगामी. दोन्ही खरे.

असेच दुसरे उदाहरण इथल्या देवळांचे. १९३१ साली रत्नागिरीत पतितपावन मंदिर उभे राहिले. भागोजीशेठ कीर यांनी बांधून दिले, सावरकर त्या वेळी या जिल्ह्यात स्थानबद्ध होते. देवळात सर्व जातींना प्रवेश. सनातन्यांनी विरोध केला, तो मोडून काढला गेला. चांगलेच झाले. पण देवळाचे दार आणि कोठाराचे दार ही दोन वेगळी दारे आहेत. देवळात शेजारी उभा राहिलेला खोत सुगीत अभावणीला येतच होता. एका दाराशी पुढे जाणारी माणसे दुसऱ्या दाराशी गप्प राहिली, असे या जिल्ह्यात पुष्कळदा झाले.

कोठाराच्या दाराला हात घातला तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. त्यांचे मूळ गाव आंबडवे, याच जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातले. एप्रिल १९२९ मध्ये चिपळूणला जिल्ह्याची शेतकरी परिषद झाली, तिचे ते अध्यक्ष होते. त्याच काळात शेजारच्या कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, अलिबागजवळ चरी गावी शेतकऱ्यांचा संप झाला. नारायण नागू पाटील यांनी तो चालवला. २७ ऑक्टोबर १९३३ ला सुरू झाला आणि सुमारे सहा वर्षे टिकला. कुळांनी जमिनी कसायच्याच बंद केल्या. आपल्याकडे एक हंगाम पडीक गेला तर घर बसते. त्यांनी सहा हंगाम काढले, लाकूडफाटा विकून, मासळी धरून. कोणत्याही देशातल्या शेतकऱ्याला अभिमान वाटावा अशी ही गोष्ट आपल्याच राज्यातली आहे आणि आपल्यातल्या निम्म्यांना ती ठाऊक नाही.

आता पुढची तारीख पाहा. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन फैजपूरला झाले. फैजपूर म्हणजे खानदेश, कापसाचा मुलूख. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. तिथे शेतकऱ्यांसाठी कार्यक्रम मंजूर झाला, खंड आणि सारा कमी करण्याची भाषा झाली. त्या काळात याहून पुरोगामी कागद शोधून सापडला नसता. सहा-सात महिन्यांत, जुलै १९३७ मध्ये, मुंबई प्रांतात त्याच पक्षाचे मंत्रिमंडळ आले, बाळासाहेब खेरांचे. १७ सप्टेंबर १९३७ ला आंबेडकरांनी विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. त्यात होते काय? खोती बंद करावी. खोताला हक्काबद्दल वाजवी भरपाई द्यावी. आणि प्रत्यक्ष जमीन धारण करणाऱ्या कुळाला सरकारचा थेट खातेदार करावे, जसा घाटावरचा रयतवारी शेतकरी असतो तसा. डोकी फोडायची भाषा नाही, कोणाचे घर जाळायची भाषा नाही. भरपाईसुद्धा द्या म्हणतो आहे माणूस.

१० जानेवारी १९३८ ला कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत विधिमंडळावर चालून गेले. डोक्यावर इरली नि खांद्यावर घोंगडी अशी ही माणसे बोटीने आली, पायी आली. आंबेडकर पुढे होते. शामराव परुळेकर होते, गुजरातचे इंदुलाल याज्ञिक होते. तरीही ते विधेयक कायदा झाले नाही. फैजपूरचा ठराव कागदावर राहिला आणि अभावणी शेतात राहिली.

मग तो पक्ष प्रतिगामी म्हणायचा का? पुन्हा थांबा. त्याच मंत्रिमंडळाने १९३९ साली कुळांचा पहिला कायदा केला. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कूळकायदा आणि १९४९ चा खोती निर्मूलनाचा कायदा त्याच पक्षाच्या सरकारने केला. १९५० पासून खोती संपली. १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन आला, कसेल त्याची जमीन झाली, निदान कायद्यात झाली. १९३७ साली जे अडवले ते बारा वर्षांनी त्यांनीच केले. पक्षालाही कायमची चिठ्ठी लागत नाही. काम पाहायचे आणि कामाची तारीख पाहायची. कारण बारा वर्षांचा उशीर हेही एक कामच आहे. कुळाने त्या बारा सुगींचा अर्धेल भरला.

आता मी तुम्हाला कोकणातून तुमच्या वावरात आणतो.

खोती गेली. जहागिरी १९४९ ला गेली. मालगुजारी १९५१ ला गेली. आपण म्हटले, सुटलो. मग ज्वारीवर लेव्ही आली. १९७० च्या दशकात तुमच्या घरच्यांनी ती भरली आहे. सरकारी माणूस यायचा, क्षेत्र पाहायचा, एवढी पोती सरकारी भावाने घाला म्हणायचा. बाजारात भाव काय, घरात खाणारी तोंडे किती, पाऊस कसा झाला, हे बोलायची सोय नव्हती. मला सांगा, ही अभावणी नाही तर काय? माप पुन्हा दुसऱ्याच्याच डोळ्यात. फरक एवढा, की खोताला लोक शिव्या देत आणि लेव्हीला पुरोगामी धोरण म्हणत. शहरातल्या गरिबाला धान्य मिळावे हा हेतू चांगलाच होता. पण त्या चांगल्या हेतूचा खर्च ज्वारी पिकवणाऱ्या गरिबाकडून वसूल झाला.

कापसाचे तेच. १९७२ पासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी आली. व्यापाऱ्याची लूट थांबवायची म्हणून आली, आणि काही वर्षी तिने चांगला भावही दिला, हे नाकारू नये. पण शेतकऱ्याचा कापूस शेतकऱ्याचा राहिला नाही. राज्याची हद्द ओलांडून गाडी नेली तर गुन्हा. पलीकडे भाव चढा आणि अलीकडे शेतकरी केंद्रासमोर गाड्यांच्या रांगेत रात्र काढतो आहे, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिले. या बंदीविरुद्ध बोलणाऱ्यांना कोणती पदवी मिळाली? प्रतिगामी, व्यापाऱ्यांचे हस्तक, बड्या बागायतदारांचे पुढारी. दोन एकर कोरडवाहूवाला त्या यादीत बडा बागायतदार ठरला!

भावांनो, हा शब्द हलका नाही. दूर रशियात 'कुलक' असा एक शब्द होता. मूळ अर्थ मूठ. गावातल्या चिकट, पैसेवाल्या माणसाला म्हणायचे. १९२९ च्या अखेरीस तिथल्या सत्तेने जाहीर केले की कुलक हा वर्गच संपवायचा. मग ज्याच्या दावणीला दोन गाई तोही कुलक झाला, आणि सामुदायिक शेतीत जायला नाही म्हणणारा गरीबही कुलकांचा साथीदार झाला. लाखो शेतकरी घरदार हिसकावून दूर पाठवले गेले. १९३२-३३ च्या दुष्काळात युक्रेन आणि कझाकस्तानात लाखो माणसे उपासमारीने मेली, त्यांत युक्रेनची गहू पिकवणारी माणसेही होती. आणि मारणारा स्वतःला पुरोगामी म्हणवत होता. शेतकऱ्यावर चिठ्ठी लावणे किती सोपे असते आणि ती कुठवर जाते, ते यावरून समजा.

उलट बाजूही पाहा. 'प्रतिगामी' या अर्थाचा युरोपातला शब्द फ्रान्सच्या राज्यक्रांतीतून आला. राजा गेला, सरदारांच्या जमिनी जप्त होऊन विकल्या गेल्या. पुढे जुने राजघराणे परत आले आणि १८२५ साली त्या सरदारांना सरकारी तिजोरीतून भली मोठी भरपाई देण्याचा कायदा झाला. गेलेला वाटा परत खेचून आणणे, हा त्या शब्दाचा अस्सल अर्थ. त्याच फ्रान्सच्या पश्चिम भागातले शेतकरी १७९३ साली क्रांतीच्या सरकारविरुद्ध उठले. ठिणगी पडली ती सैन्यात सक्तीने माणसे भरण्यावरून. त्यांनाही प्रतिगामी म्हटले गेले आणि त्यांची गावे जाळली. सरदाराला आणि शेतकऱ्याला एकच शब्द. ज्या शब्दाने घेणारा आणि देणारा एकाच दाव्याला बांधला जातो, तो शब्द वापरताना शंभरदा विचार करावा.

म्हणून आजच्या वादांकडे या नजरेने पाहू. २०२० साली केंद्राने शेतीचे तीन कायदे केले. पंजाब-हरियाणाचा शेतकरी वर्षभर दिल्लीच्या वेशीवर बसला. महाराष्ट्रातल्या काही शेतकरी संघटनांनी त्याच कायद्यांचे स्वागत केले. नोव्हेंबर २०२१ मध्ये कायदे मागे घेतले गेले. या काळात दोन्हीकडचे शेतकरी एकमेकांना काय काय म्हणाले, ते आठवा. एकाने दुसऱ्याला मागासलेला म्हटले, दुसऱ्याने पहिल्याला विकला गेलेला म्हटले. गहू-तांदूळ सरकारी खरेदीत जाणारा पंजाबचा शेतकरी आणि कापूस-ज्वारी घेऊन बाजार शोधणारा आपला शेतकरी, यांची वावरे वेगळी, म्हणून भीतीही वेगळी. ती समजून घ्यायला वेळ लागतो. शिवी द्यायला लागत नाही.

बियाण्याचेही असेच. कोणी म्हणते देशी वाण लावणारा प्रतिगामी, कोणी म्हणते नवे बियाणे मागणारा कंपनीचा दलाल. मी शेतीशास्त्र शिकलेला माणूस आहे. हलक्या जमिनीत, कमी पावसात देशी कापूस तग धरतो, हे शास्त्र आहे. २००२ साली बीटी आले तेव्हा बोंडअळीच्या फवारण्या कमी झाल्या, हेही शास्त्र आहे, आणि पुढे गुलाबी बोंडअळीने त्याला दाद दिली नाही, हेही शास्त्रच. यात पुढे-मागे काही नाही. प्रश्न एकच : काय पेरायचे हे कोण ठरवतो? तिफण धरणारा, की तिसराच कोणी?

ज्वारीचे नाव बघा. आयुष्यभर तिला 'भरड धान्य' म्हटले, मागासलेल्यांचे खाणे म्हटले. रेशनवर गहू-तांदूळ आले, ज्वारीचे क्षेत्र घटले. २०२३ हे भरड धान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष झाले, आता नाव 'श्री अन्न'. नाव पुढे गेले. पिकवणाऱ्याचा वाटा पुढे गेला का? एप्रिल २०१० आणि मार्च २०१२ मध्ये कापसाला भाव चढत असताना निर्यात रोखली गेली. रोखणारे स्वतःला प्रतिगामी म्हणवत नव्हते. पण बाजार शेतकऱ्याच्या बाजूने झुकला की दार लावायचे, ही अभावणीच आहे.

मग ओळखायचे कसे? मी तीन प्रश्न सांगतो, ते लिहून घ्या.

पहिला : या कामाने वाटा कोणाकडून कोणाकडे गेला? कष्ट करणाऱ्याकडून मधल्याकडे गेला की उलट?

दुसरा : माप कोणाच्या हातात आहे? अंदाज, तपासणी, प्रत, भाव ठरवताना पिकवणाऱ्याला विचारतात का?

तिसरा : पिकवणाऱ्याला 'नाही' म्हणता येते का? नाही म्हटले तर त्याचे काय होते?

खोतीला हे तीन प्रश्न लावा, उत्तर मिळेल. लेव्हीला लावा, एकाधिकाराला लावा, उद्या येणाऱ्या कोणत्याही कायद्याला लावा. कोणी मांडला, कोणत्या झेंड्याखाली मांडला, हे नंतर.

आणि आता जे सांगतो ते तुम्हाला आवडणार नाही. मघाशी म्हटले, खोत ही जात नाही, जागा आहे. हे तीन प्रश्न आपल्या घरालाही लावा. कापूस वेचतो कोण? निंदण-खुरपण करतो कोण? बायका. सातबाऱ्यावर त्यांचे नाव आहे का? २००५ साली मुलीला वडिलांच्या वडिलार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क मिळाला. त्यानंतर किती बहिणींकडून आपण हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या? तिला 'नाही' म्हणता येत होते का? नाही म्हटले तर माहेर तुटते, हे तिला माहीत होते. वेचणीची मजुरी ठरवताना, वजन करताना काटा कोणाच्या हातात असतो? आपल्या वाटणीला आलेली ती छोटीशी खोती आहे. सरकारकडे हक्क मागायला निघालेल्या माणसाने ती आधी सोडावी. नाहीतर आपणही एका दाराशी पुढे आणि दुसऱ्या दाराशी उलट चालणारे.

इथे कोकणात तर १९५० नंतरही गोष्ट संपलेली नाही. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत कुळाचे नाव आहे, वरती मालक दुसरा आहे, अशा जमिनींचे तंटे अजून चालू आहेत. जमिनीला भाव आला की जुने कागद जिवंत होतात. व्यवस्था कायद्याने मरते, पण कागदात बरीच वर्षे श्वास घेत राहते.

तेव्हा माझी सूचना साधी आहे. इथून पुढे आपल्या कोणत्याही बैठकीच्या ठरावात 'प्रतिगामी' हा शब्द आला, तर त्याच्या खाली तीन ओळी लिहिल्याशिवाय ठराव मंजूर करायचा नाही : वाटा कोणाचा गेला, कोणी नेला, किती गेला. या तीन ओळी लिहिता आल्या तर शब्द ठेवा आणि लढा द्या. लिहिता आल्या नाहीत तर शब्द खोडा, आणि ज्याच्याबद्दल लिहिला त्याला पुढच्या बैठकीला बोलावून त्याचे म्हणणे ऐका.

परत गेल्यावर आणखी एक काम करा. आपल्या गावात १९५० पूर्वी जमिनीचा धनी कोण होता, वसुली कशी होती, हे सांगणारी म्हातारी माणसे थोडी उरली आहेत. त्यांच्याजवळ बसा. अर्धेलीसारखे, अभावणीसारखे शब्द तुमच्याकडेही असतील, ते वहीत उतरवून घ्या आणि पुढच्या जिल्हा बैठकीला ती वही घेऊन या.